वेगवान मोटारीच्या एंजिनाचा जीर्णोद्धार

चुलीतील लाकडे धुमसू लागली की घरातील बाई फुंकणी हाती घेते. लाकूड तेच, चूल तीच; पण फुंकणीतून वारा आत गेला की क्षणात जाळ उठतो. लोहाराचा भाता हेच काम मोठ्या प्रमाणावर करितो. अग्नीला इंधन लागते हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्याला हवा इंधनाहून कितीतरी अधिक लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर त्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. मोटारीचे एंजिन पेट्रोलवर चालते असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी वजनाच्या हिशेबाने पाहता ते मुख्यतः हवेवरच चालते.

साध्या एंजिनाला ही हवा मिळते कशी? सिलिंडरमधील पिस्टन खाली सरकतो, आत पोकळी निर्माण होते, आणि भोवतालच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत लोटील तेवढीच आत शिरते. याहून अधिक शक्ती हवी असेल तर तीन मार्ग आहेत. सिलिंडर मोठे करावेत, एंजिन अधिक वेगाने फिरवावे, किंवा लोहाराप्रमाणे भाता लावून हवा आत कोंबावी. पहिल्या मार्गाने एंजिन जड होते, दुसऱ्याने ते लवकर झिजते. तिसरा मार्ग टर्बोचार्जरचा.

टर्बोचार्जरची मौज अशी की त्याचा भाता ओढावयास वेगळा माणूस लागत नाही. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूंत बरीच उष्णता आणि बराच जोर शिल्लक असतो. साध्या गाडीत तो फुकट जातो. टर्बोचार्जरमध्ये या वायूंच्या वाटेत पाणचक्कीसारखे एक लहानसे चक्र बसविलेले असते. वायूंच्या झोताने ते फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेले चक्र बाहेरची ताजी हवा दाबून एंजिनात लोटते. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हवेचा दाब प्रमाणाबाहेर जाऊ लागला, तर जळलेल्या वायूंपैकी काही भाग चक्राला वळसा घालून बाहेर सोडणारी एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. धरणाला जसा सांडवा, तशी टर्बोचार्जरला ही झडप.

ही युक्ती स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे जन्मलेले एंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. पुढे १९१८ साली अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या पर्वतावर सुमारे १४,००० फूट उंचीवर विमानाचे एंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोचार्जरमुळे त्याची शक्ती टिकते हे प्रयोगाने दाखविले. विमाने, जहाजे आणि मालमोटारी यांतून फिरत फिरत ही युक्ती १९६२ साली अमेरिकेतील खासगी मोटारींत आली. त्या साली निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत, दाबलेल्या हवेमुळे एंजिनास होणारा धोका टाळण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण थोडेथोडे सोडण्याची योजना होती. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरावयाची असे. पुष्कळ मालकांना त्याचा विसर पडे आणि गाडीची शक्ती घटे. शेवटी टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची वेळ आली. टर्बोचार्जर केवळ शक्ती देत नाही. तो मालकावर एक जबाबदारीही टाकतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे १९७३ साली बीएमडब्ल्यू २००२ टर्बो निघाली, आणि त्या दशकाच्या मध्यास पोर्शे ९११ टर्बो रस्त्यावर आली. प्रस्तुत विवेचनासाठी मात्र त्यानंतरची एक गाडी उदाहरण म्हणून घेणे सोयीचे होईल. ती म्हणजे १९८५ साली विक्रीस आलेली आणि १९९१ सालापर्यंत तयार होत असलेली पोर्शे ९४४ टर्बो. जर्मनीतील नेकार्सुल्म येथे ती बांधली जाई. एंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे तिचा तोल उत्तम होता. तिच्या एंजिनास चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर, आणि पिस्टनची धाव ७८.९ मिलिमीटर, एकूण घनफळ २,४७९ घनसेंटिमीटर. टर्बोचार्जर वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे पाऊण बार दाब चढवी, आणि त्या बळावर हे अडीच लिटरचे एंजिन २२० अश्वशक्ती देई.

या गाड्यांतील सर्वांत तरुण गाडीचे वयही आज तीस वर्षांहून अधिक आहे. युरोप-अमेरिकेत अनेक हौशी लोकांनी त्या जिव्हाळ्याने सांभाळल्या आहेत. परंतु अशी गाडी हाती आली की मालकाच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी जाग्या होतात. एक इच्छा म्हणते, जुने एंजिन उतरवून नीट बांधावे. दुसरी म्हणते, बांधण्याची घाई कशाला? आधी शक्ती वाढवून पाहू. दुसरी इच्छा पुरी करणे फार सोपे आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. संगणकातील एक चिप बदलली आणि सांडव्याची झडप थोडी उशिरा उघडेल अशी व्यवस्था केली, की एका दुपारच्या कामात तीस-चाळीस अश्वशक्ती वाढू शकते. मालक गाडी बाहेर काढतो, पाठ खुर्चीला टेकते, मन हरखून जाते. जीर्ण भिंतीवर चढविलेला नवा मजला पहिल्या दिवशी भक्कमच दिसतो.

वाढलेला दाब एंजिनात नेमके काय करितो, हे समजले तर या उताविळीची किंमत कळेल. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे प्रत्येक मुलाने अनुभविले आहे. हवा दाबली की तापते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस असेल आणि टर्बोचार्जरने ती पावणेदोन पट दाबली, तर त्याची कार्यक्षमता शेकडा ७० धरून हिशेब केल्यास ती सुमारे १०० अंशांपर्यंत तापते. तोच दाब वातावरणाच्या २.२ पट नेला, तर आकडा १३५ अंशांच्या आसपास जातो. तापलेली हवा प्रसरण पावते; म्हणजे दाब पावणेदोन पट होऊनही हवेचे प्रत्यक्ष वजन जेमतेम १.४ पट वाढते. म्हणून टर्बोचार्जर आणि एंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर नावाची जाळी बसवितात. समोरून येणाऱ्या वाऱ्याने तीतील हवा थंड होते. हवा ५० अंशांवर आणता आली, तर त्याच दाबात ती १.६ पटीहून थोडी अधिक भरते. दाब न वाढविता मिळालेली ही शक्ती असते.

परंतु गरम हवेचा खरा धोका याहून वेगळा आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरावयास पाहिजे. आतील मिश्रण आधीच फार तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात आणि बाहेर धातूवर हातोडी पडावी तसा आवाज येतो. यास नॉकिंग म्हणतात. याचे चार ठोके एंजिन सहन करील. पण पूर्ण दाबावर ते काही क्षण चालू राहिले, तर पिस्टनची कड वितळते, रिंगांमधील भाग फुटतो, नाहीतर हेडचे गॅस्केट उडते. ९४४ टर्बोच्या निर्मात्यांनी यासाठी एक स्वतंत्र संगणक ठेविला होता. ठोका ऐकू येताच तो ठिणगी उशिरा पाडी, आणि तेवढ्याने न भागले तर दाबही कमी करी. ज्या कोणी घाईने हा पहारेकरी निकामी करून शक्ती वाढविली, त्याने घराचे कुलूप काढून दाराची शोभा वाढविली असेच म्हणावे लागेल.

म्हणून जाणता कारागीर प्रथम पाना हाती घेत नाही. तो परीक्षा करितो. प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती धरला जातो ते तो मोजतो. चारही आकडे थोडे कमी असले तरी परस्परांशी जुळत असतील, तर झीज सारखी झाली आहे. एकच आकडा खाली असेल, तर तेथे रोग आहे. मग त्या सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडून तो कान देतो. हवा तेलाच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा गेल्या. धुराच्या नळीतून आली तर झडप गेली. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट गेले. नंतर तो तेलाचा जुना फिल्टर कापून उघडतो. त्यातील कागदाच्या घड्यांत धातूचा चकचकीत चुरा आढळला, तर बेअरिंगे उत्तर देत आहेत असे समजावे. नाडी पाहिल्यावाचून औषध न देणाऱ्या वैद्याचीच ही रीत.

एंजिन उतरविल्यावर ते खोलण्याचे काम जितके धीराने होईल तितके बरे. कोणता बोल्ट कोठला, कोणती टोपी कोणत्या सिलिंडरची आणि कोणत्या तोंडाने बसलेली होती, हे सर्व लिहून ठेवावे लागते. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी एकमेकांसाठीच घडविलेली असते. त्यांची अदलाबदल झाली की मापे बिघडली. यानंतर धुणे, पुसणे आणि मोजणे. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटते. पण एंजिनाचे भवितव्य ठरते ते येथे.

या एंजिनाच्या सिलिंडरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक ॲल्युमिनियमच्या एंजिनांत पिस्टनसाठी लोखंडाचे अस्तर असते. येथे ते नाही. सबंध ब्लॉक ॲल्युमिनियम आणि सुमारे शेकडा १७ सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा आहे. सिलिंडर कोरून झाल्यावर त्याच्या आतील पृष्ठभागावरील मऊ ॲल्युमिनियम अगदी सूक्ष्म प्रमाणात काढून टाकितात. म्हणजे सिलिकॉनचे कठीण स्फटिक किंचित वर उरतात. जुन्या फरसबंदीतील चुना झिजून दगड वर राहावेत, तसे हे दृश्य असते. पिस्टनच्या अंगावर लोखंडाचा पातळ लेप असतो. तो या स्फटिकांवरून सरकतो, आणि मधल्या सूक्ष्म खळग्यांत तेल टिकून राहते.

याचा परिणाम असा की नेहमीच्या कारखान्यात नेऊन नेहमीच्या दगडांनी हे सिलिंडर घासून घेणे म्हणजे त्यांचा नाश करणे होय. तशाने स्फटिक फुटतात, ॲल्युमिनियम उघडे पडते, आणि थोड्याच दिवसांत पिस्टन त्यास चिकटू लागतो. चरे पडले असतील तर तीन वाटा उरतात. या धातूची रीत जाणणाऱ्याकडून थोडे मोठे कोरून घेऊन पृष्ठभाग पुन्हा तयार करावा आणि मोठ्या मापाचे लेप दिलेले पिस्टन घालावेत. किंवा लोखंडाचे अस्तर बसवावे. अथवा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण मुलामा द्यावा. मागील दोन वाटांनी गेल्यास बिनलेपाचे पिस्टनही वापरता येतात. मात्र बिनलेपाचा पिस्टन मूळच्या उघड्या सिलिंडरमध्ये घालणे ही चूक एंजिन कधीही क्षमा करीत नाही.

आता क्रँकशाफ्टकडे वळू. पिस्टनवर किती भार येतो याची कल्पना एका हिशेबाने येईल. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा माथा सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटरचा असतो. ज्वलनाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर ७० किलोग्रॅम दाब धरला, तरी एका पिस्टनवर सुमारे साडेपाच टनांचा तडाखा बसतो. आणि मिनिटास ६,००० फेरे असताना तो प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदास ५० वेळा बसतो. हा सारा भार बेअरिंगमधील तेलाचा एक पडदा झेलतो. त्या पडद्यासाठी ठेविलेली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. ती कमी झाली तर तेल शिरत नाही. अधिक झाली तर तेल निसटून जाते आणि पडदा फाटतो.

९४४ च्या एंजिनात दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग इतरांच्या आधी जाते, असा अनुभव सर्वत्र आहे. विशेषतः शर्यतीच्या मार्गावर वेगाने लांब वळणे घेणाऱ्या गाड्यांत. म्हणून एंजिन खोलल्यावर ती सर्व बेअरिंगे नवी घालणे हा खर्च नसून विमा होय. फट मोजण्यासाठी मेणासारख्या मऊ पदार्थाचा एक बारीक दोरा मिळतो. तो मध्ये ठेवून टोपी आवळावी, पुन्हा काढावी, आणि चपटा झालेला दोरा किती रुंद झाला ते पट्टीशी ताडून पाहावे. इतकी साधी परीक्षा. पण ती टाळल्यामुळे हजारो रुपयांचे काम मातीमोल होते.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. या गाडीत तेल थंड करण्यासाठी पुढच्या बाजूस वेगळी जाळी आहे. एंजिनाचे बेअरिंग एकदा फुटले की त्याचा चुरा तेलाबरोबर त्या जाळीत जाऊन बसतो. कारागीर एंजिन धुऊन लख्ख करितो, नवी बेअरिंगे घालतो, पण जाळी तशीच जोडतो. मग पहिल्याच फेरफटक्यात जुना चुरा नव्या बेअरिंगांत उतरतो. विहीर उपसली आणि गढूळ हौदातलेच पाणी पुन्हा तीत ओतले, असा हा प्रकार. अशी जाळी बदलणेच इष्ट.

पिस्टनच्या रिंगांची टोके जेथे समोरासमोर येतात तेथे थोडी फट ठेवावी लागते, कारण रिंग तापली की लांबते. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात उष्णता अधिक, म्हणून ही फटही थोडी अधिक, या मापाच्या सिलिंडरमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर, ठेवितात. फट कमी पडली तर टोके एकमेकांवर आदळतात आणि पिस्टन फुटतो. पुढे हेड बसविताना त्याची आणि ब्लॉकची पाठ सपाट आहे की नाही हे पाहणे आलेच. वाढीव दाब सोसावयाचा असेल तर जाड कडीचे गॅस्केट आणि अधिक मजबूत स्टड घालितात, आणि नट मापाच्या पान्याने, मधून बाहेरच्या बाजूस जात, टप्प्याटप्प्याने आवळितात. या हेडमध्ये धुराच्या वाटांना आतून चिनी मातीच्या जातीचे अस्तर आहे. वायूंची उष्णता पाण्यात न जाता टर्बोचार्जरपर्यंत पोहोचावी हा त्याचा हेतू. वाटा रुंद करण्याच्या उत्साहात ते अस्तर कोरले तर तुटते, आणि त्याचे तुकडे थेट टर्बोचार्जरच्या चक्रावर जाऊन पडतात. म्हणजे येथेही हात आवरणे हेच कौशल्य.

एंजिनाच्या पुढील तोंडाशी दोन दातेरी पट्टे आहेत. एक पट्टा झडपा उघडणारा दांडा फिरवितो. दुसरा दोन तोलदांडे फिरवितो. त्यांचा वेग क्रँकशाफ्टच्या दुप्पट असतो, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. चार सिलिंडरच्या मोठ्या एंजिनाची थरथर त्यांच्यामुळे शमते. या योजनेचे हक्क मित्सुबिशी कंपनीकडे होते, आणि पोर्शेने तिच्याकडून परवाना घेऊन ती वापरली. झडपांचा पट्टा तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, आणि एका रबरी पट्ट्यापायी सबंध हेड जाते. म्हणून पट्टे, त्यांच्या कप्प्या आणि पाण्याचा पंप ही सर्व मंडळी एंजिन बांधताना एकदमच नवी घालावीत.

एवढे झाल्यावरच टर्बोचार्जरची पाळी येते. त्याचा दांडा हाताने हलवून पाहिला असता चक्राची पाती भोवतालच्या घराला घासत असतील, किंवा तेल गळून निळा धूर निघत असेल, तर त्याची बेअरिंगे आणि रिंगा बदलून दांड्याचा तोल पुन्हा साधून घ्यावा लागतो. नवा मोठा टर्बोचार्जर बसविण्याचा मोह येथे होतो. परंतु मोठे चक्र जड असते. मोठा रहाट गती घेईपर्यंत जसा वेळ जातो, तसा मोठा टर्बोचार्जर भरात येण्यास विलंब लावितो. चालक पाय दाबतो, गाडी क्षणभर विचार करिते, आणि मग अकस्मात उसळी घेते. भर वळणावर ही उसळी घातक ठरू शकते. गावात आणि घाटात चालवावयाच्या गाडीला मध्यम आकाराचे, हलक्या पात्यांचे चक्र अधिक शोभते.

आता दाब वाढवावयाचा. तोही एकदम नव्हे. प्रथम इंटरकूलर उत्तम करावा, कारण थंड हवा ही सर्वांत निर्धोक शक्ती. मग पेट्रोलची व्यवस्था. हवा वाढली की पेट्रोलही वाढले पाहिजे. इतकेच नव्हे, तर पूर्ण दाबावर मिश्रण नेहमीपेक्षा गडद, म्हणजे एका भाग पेट्रोलास सुमारे १२ भाग हवा असे, ठेवितात. ते जास्तीचे पेट्रोल आतील उष्णता शोषून घेते. यासाठी मोठे इंजेक्टर आणि पुरेसा पंप लागतो. मूळच्या गाडीत हवा मोजण्यासाठी तिच्या वाटेत एक झुलती फळी आहे. ती जितकी उघडते तितकी हवा आली असे संगणक समजतो. पण दार सताड उघडल्यावर आणखी किती माणसे आत शिरली हे दाराकडे पाहून कळत नाही. फळी पूर्ण उघडल्यानंतर येणारी हवा संगणकाच्या हिशेबात धरली जात नाही, मिश्रण फिके पडते आणि नॉकिंग सुरू होते. म्हणून दाब वाढविणारे लोक फळीच्या जागी तापलेल्या तारेने हवा मोजणारे साधन किंवा दाबमापक बसवितात आणि संगणकास नवे कोष्टक शिकवितात. त्यानंतर धुरातील प्राणवायू मोजीत, ठोक्यासाठी कान ठेवून, दाब दशांश-दशांश बारने चढवावा. आणि पहिली शंका येताच एक पायरी खाली उतरावे.

कोठे थांबावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर खुद्द निर्मात्यांनीच आपल्या कृतीने दिले आहे. १९८८ साली त्यांनी ९४४ टर्बो एस काढली. तीत शक्ती २२० वरून २५० झाली. वाढ फक्त ३० अश्वशक्तीची. पण तेवढ्यासाठी त्यांनी टर्बोचार्जर बदलला, गिअरची चक्रे अधिक कठीण केली, गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची सोय केली, आणि मोठ्या ९२८ गाडीचे ब्रेक आणून बसविले. ज्यांनी एंजिन निर्माण केले त्यांना ३० अश्वशक्तींसाठी इतका विचार करावा लागला. मग चिप बदलून शंभर वाढविणाऱ्याने किती करावा? शक्ती एका ठिकाणी वाढते, पण तिचा भार सर्वांवर पडतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच. आणि तीस वर्षांच्या गाडीत कच्ची कडी कोणती, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही.

बांधून झालेले एंजिन प्रथम सुरू करितानाही घाई नसावी. ठिणगी आणि पेट्रोल बंद ठेवून, तेलाचा काटा वर चढेपर्यंत एंजिन नुसते फिरवितात, म्हणजे कोरड्या बेअरिंगांवर पहिला भार पडत नाही. मग काही शे किलोमीटर वेग आणि दाब मर्यादेत ठेवून चालवावे, तेल लवकर बदलावे, आणि तो फिल्टरही कापून पाहावा. त्यात या वेळी चकचकीत चुरा नसेल, तर कारागिराने मनातल्या मनात समाधान मानावयास हरकत नाही.

अशा गाडीचा जाणता मालक दुरून ओळखता येतो. दीर्घ प्रवास संपवून तो दारी येतो, पण लगेच किल्ली फिरवीत नाही. टर्बोचार्जरचे घर अजून धगधगत असते; तेलाचा प्रवाह एकाएकी थांबला तर आतील तेल, कढईच्या तळाशी करपलेल्या तळणीप्रमाणे, दांड्याला चिकटून बसेल, हे त्याला ठाऊक असते. तो एक-दोन मिनिटे एंजिन संथपणे चालू देतो, मग बंद करितो. त्यानंतरही विजेचा एक लहान पंप टर्बोचार्जरभोवती पाणी फिरवीत राहतो. त्याचा बारीक आवाज थांबेपर्यंत मालक गाडीजवळ उभा असतो, आणि मग दार लावून घरात जातो.